पाव किलो मिरचीसाठी डंक कशाला?

विचारणा अशी आहे: "आम्ही नवराबायको मे अखेरीस नागपूरहून बदलीनं कोल्हापुरात आलो. राजारामपुरीत भाड्यानं राहतो. शेजारी सगळ्यांची वर्षाची चटणी उन्हाळ्यातच झालेली आहे. आमच्याकडे एक साधा मिक्सर, दोन शेगड्या, आणि गच्ची नाही. दोघंही नोकरी करतो. पाकिटं आणून कंटाळा आलाय. रोजच्या भाजी-आमटीला पुरतील असे तीन-चार मसाले घरी करायचे आहेत. कोणते करावेत, किती करावेत, आणि इथल्या पावसात ते टिकतील का?"

टिकतील. फक्त 'वर्षाचं' हा शब्द डोक्यातून काढून टाका. दोन माणसांच्या घराला वर्षाची चटणी लागत नाही, आणि जूनमध्ये ती करायला बसूही नये.

हे मी सांगतेय याचं तुम्हाला नवल वाटेल, कारण आमचा धंदाच डंकाचा. लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि खाली उखळात मिरची कुटली जाते, ते यंत्र म्हणजे डंक. होळी झाली की आमच्या दारात डब्यांची रांग लागते, ती वळीव कोसळेपर्यंत. गेली बावीस वर्षं मी त्या रांगेच्या अलीकडं उभी आहे. नाकाला फडकं आणि हातात समोरच्या बाईची यादी. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, लाइटबिलावर, शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेल्या शेकडो याद्या वाचून झाल्या. प्रत्येकीला आपल्याच घरची यादी खरी वाटते. पण चटणी टिकणार की बिघडणार हे यादीवर ठरत नाही, एवढं मला त्यातनं कळलं. दोन जावा एकच यादी घेऊन येतात. एकीची चटणी संक्रांतीपर्यंत घमघमते, दुसरीची नागपंचमीलाच खवट लागते. फरक असतो तो ओलं आणि तेलकट काय पडलं आणि ते कसं पडलं, यात.

म्हणून आमच्या घरापुरती मी चटणी दोन टप्प्यांत करते, तुम्हालाही तेच सांगेन. मिरची, धणे, जिरे, खडा मसाला हा कोरडा माल. नीट वाळला तर महिनोन्‌महिने त्याला काही होत नाही. खोबरं, तीळ, शेंगदाणे यांच्यात तेल असतं; दळलं की त्याला हवा लागते आणि ते खवट व्हायला सुरुवात होते. कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर यांच्यात पाणी असतं, आणि पाणी राहिलं की बुरशी धरते. आपली जुनी चटणी या तिन्ही गोष्टी एकत्र कुटते. एप्रिलच्या उन्हात सगळं कडकडीत वाळायचं, घरात दहा-बारा माणसं असायची, बरणी रिकामी व्हायला वेळ लागायचा नाही. तिथं ते बरोबरच होतं. तुमच्या घरात पावसाळा आहे आणि माणसं दोन आहेत. कोरडा भाग दीड महिन्याचा करा, कांदा-लसूण-खोबरं त्यात पंधरा-पंधरा दिवसांपुरतं मिसळा.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात घरची आठ किलो मिरचीची चटणी पहिल्यांदा माझ्यावर सोपवली होती. कांदे चिरून गच्चीवर पसरले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आभाळ भरून आलं. वळीव तो, थांबतोय कुठं! पळापळ करून कांदा आत आणला. हाताला अजून किंचित मऊ लागत होता. तळताना जाईल पाणी, म्हणून तसाच तळला आणि कुटला. आषाढात बरणीचं फडकं सोडलं तर वर पांढरी जाळी. मी म्हटलं, वरचं काढून टाकू. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पळी खालपर्यंत घातली आणि वर काढून माझ्या नाकाशी धरली. बस्स, ओल्या पोत्याचा वास. सगळी चटणी परड्यात खड्डा काढून पुरली. पुढं कळलं की त्यांनी केलं तेच शहाणपणाचं होतं. मिरचीवर आणि शेंगदाण्यावर धरणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते डोळ्याला दिसत नाही आणि फोडणीच्या उष्णतेनं जात नाही. तेव्हा बुरशी दिसली की वरवर खरवडायच्या भानगडीत पडू नका.

आता शब्दाचा एक घोळ मिटवू. तुमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढायची गोष्ट. इथं नुसतं 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण घातलेला तिखट लाल मसाला, ज्यावर भाजी, आमटी, रस्सा सगळं चालतं. शेजारीण म्हणाली, "वांग्यात दोन चमचे चटणी घाला," तर शेंगदाण्याची घालून बसू नका. आमच्या शेजारच्या वाड्यात असं झालेलं आहे.

मिरचीकडं येते. तुम्ही भिवापुरी मिरचीच्या मुलखातले, म्हणजे तिखटाची ओळख करून द्यायला नको. पण कोल्हापुरी चटणीत पहिलं काम रंगाचं, तिखटाचं दुसरं. बाहेरगावच्या हॉटेलांत 'कोल्हापुरी' म्हणून जे आग लागलेलं ताट देतात ते आमच्या घरांत कुणी खात नाही. रंगासाठी ब्याडगी घ्यायची. ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला सौम्य. हिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चवीला आणि तिखटाला संकेश्वरी. संकेश्वर इथून बेळगावच्या वाटेवर लागतं, आणि गडहिंग्लजच्या बाजारात हीच मिरची 'जवारी' म्हणून येते. आणि झणका हवा असेल तर थोडी लवंगी. पाव किलोत दीडशे ग्रॅम ब्याडगी, पाऊणशे संकेश्वरी, पंचवीस लवंगी, ही माझी सुरुवात. तुम्हाला सावजी रश्श्याची सवय असेल तर लवंगी पन्नास करा आणि ब्याडगी तेवढी कमी. खरेदी लक्ष्मीपुरीत करा. एकाच दुकानात सगळं मिळतं आणि मिरची हातात घेऊन बघू देतात.

बघायचं काय? देठ हिरवट-पिवळसर आणि घट्ट असावा. हलवल्यावर आतलं बी वाजावं. पांढरे डाग पडलेली मिरची कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि रंग फारच एकसारखा, चकचकीत दिसला तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं एक मिरची पुसून बघा. फडकं लाल झालं तर दुकान बदला. अजून एक समज आहे की तिखट बियांत असतं. बऱ्याच जणी त्यासाठी बिया झाडून टाकतात. खरं तिखट बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या फिकट शिरांत असतं, बियांना ते फक्त लागलेलं असतं. बिया टाकून तिखट विशेष कमी होत नाही, मिरची मात्र वाया जाते. कमी तिखट हवं असेल तर ब्याडगी वाढवा.

पावसाळ्यात मिरची दुकानातनंच नरम येते. ऊन नाही, गच्ची नाही, मग वाळवायची कशी? मोठी लोखंडी कढई सगळ्यात बारीक आचेवर ठेवा, तळव्याला ऊब लागेल पण हात झटकन मागं घ्यावा लागणार नाही एवढीच. मूठ-मूठ मिरची घालून परतत राहा, चार-पाच मिनिटं. धूर दिसता कामा नये. ठसका लागला तर आच जास्त झाली असं समजा. मग पेपरवर पसरा आणि गार होऊ द्या. गरम असताना मिरची मऊच लागते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. गार झाल्यावर कानाजवळ धरून मोडा. पापडासारखा आवाज आला पाहिजे. आमच्याकडं डबा आला की मी पहिल्यांदा हेच करते. नुसती वाकली तर डबा परत. बायका चिडतात, "दोन दिस वाळीवल्याती की ओ!" म्हणतात. पण वातड मिरची डंकाला चिकटते आणि त्यांच्यामागच्या चार डब्यांचा खोळंबा होतो. तुमच्या मिक्सरचंही तेच होईल. देठ वाळवल्यानंतर काढा, पटकन तुटतात.

कोरड्या भागात पाव किलो मिरचीला धणे साठ ग्रॅम, जिरे वीस ग्रॅम, मेथ्या पाव चमचा. खडा मसाला सगळा मिळून वीस ग्रॅमच्या आत: मिरी पाच, दालचिनी चार, दगडफूल तीन, लवंग दोन, शहाजिरे दोन ग्रॅम, मसाला वेलदोडा एक, चक्रीफूल एक, तमालपत्राची दोन पानं, जायपत्रीचा नखाएवढा तुकडा. यात नागकेशर, रामपत्री, त्रिफळ अशी भर घालणाऱ्या याद्या आहेत. दोन माणसांच्या रोजच्या भाजीला त्याची गरज नाही. लवंग मात्र मापातच. "वास येत नाही" म्हणून लवंग वाढवली की सगळ्या भाज्यांना दातांच्या दवाखान्याचा वास येतो.

सगळं एकदम कढईत लोटू नका. धणे जाड असतात, त्यांना वेळ लागतो. जिरं पटकन करपतं आणि मेथीला दुसरी संधीच नाही, लाल झाली की कडूच. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी. धण्यांचा रंग जरा बदलला आणि वास सुटला की उतरवा. दगडफूल नाजूक, ते सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून नुसत्या कढईच्या उबेवर. त्याच्या नावावर जाऊ नका, ते फूल नव्हेच; दगडावर-झाडावर वाढणारं शैवाक आहे ते. म्हणूनच त्यात माती-खडे असतात. आधी ताटात घेऊन चोळून पाखडा, नाहीतर जेवताना दाताखाली कचकच येते आणि दोष मिठाला जातो.

हळद घालायची ती पूडच, एक चमचा. याद्यांत हळकुंड लिहिलेलं असतं ते डंकासाठी. घरच्या मिक्सरला हळकुंड म्हणजे पातं मोडायचा राजमार्ग. हळद चांगली हवी असेल तर शेजारीच सांगली आहे, हळदीची पेठ.

आणि मीठ या कोरड्या भागात घालू नका. मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं.

दळताना भांडं निम्म्याच्या वर भरू नका. आधी मिरची हातानं मोडून घाला. दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, हलवा, परत फिरवा. सलग दोन मिनिटं फिरवलं तर भांडं तापतं, वास तिथंच उडून जातो आणि मिरचीचा रंगही काळपटतो. डंक आणि मिक्सर यांत फरक आहे तो इथं. डंकात माल ठेचला जातो, आतलं तेल बाहेर येतं आणि चटणीला एक ओलसर घट्टपणा येतो. मिक्सरमध्ये तो चिरला जातो, म्हणून पूड भुसभुशीत होते. दीड महिन्याच्या मालाला ते चालतं. झाकण लगेच उघडू नका, पाच मिनिटं धूळ बसू द्या. पाव किलोतनं जवळजवळ तीनशे ग्रॅम कोरडी चटणी निघते. गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरा, तारीख लिहा आणि उजेडापासून लांब ठेवा. मिरचीचा लाल रंग उन्हा-उजेडानं विटतो. जुन्या बायका चिनी मातीच्या बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेवून फडकं बांधायच्या. तुमच्याकडं फ्रीज आहे, हिंगाचं काम तो करेल.

आता पंधरा दिवसांचं मिश्रण, रविवारी अर्ध्या तासात होतं. शंभर ग्रॅम कोरडी चटणी घ्या. दोन मध्यम कांदे पातळ उभे चिरा आणि तीन मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर तळा. इथंच सगळी परीक्षा असते. कांदा आधी पाणी सोडतो, मग लोळागोळा होतो, मग कडेनं बदामी दिसायला लागतो. बहुतेकजण इथं थांबतात, आणि चूक होते ती इथंच. अजून पाच-सात मिनिटं द्या, बारीक आचेवर, सारखं हलवत. सगळा तपकिरी झाला, तेलातला चुरचुर आवाज कमी झाला की निथळून ताटलीत पसरा. गार झाल्यावर चिमटीत कुस्करला तर शेवेसारखा मोडला पाहिजे. वाकला तर परत कढईत. त्याच तेलात लसणाचा एक गड्डा, सोललेला आणि ठेचलेला, कडा सोनेरी होईतोवर परता. डंकावर लसूण कच्चाच, कधी सालासकट पडतो, पण तुमच्या मापात आणि या हवेत परतलेलाच बरा. पंचवीस ग्रॅम सुकं खोबरं किसून कोरडं भाजा, पंधरा ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत. कोथिंबीर पावसाळ्यात नको. ती भाजीवर वरनं घाला.

मिक्सरमध्ये आधी खोबरं-तीळ, पण एकटं नको. एकटं फिरवलं तर तेल सुटून लाडूचं पीठ होतं. सोबत मूठभर कोरडी चटणी आणि तीन सपाट चमचे मीठ घाला. मग कांदा, लसूण, पाव चमचा हिंग, शेवटी उरलेली चटणी आणि तळणीचं उरलेलं चमचाभर तेल. नीट झालेली चटणी मुठीत दाबली की आकार धरते आणि बोटानं टोचली की फुटते. फुटली नाही तर ओल जास्त आहे, ती आठवड्यातच संपवा. ही बरणी फ्रीजमध्ये, चमचा कोरडा. उकळत्या भाजीवर बरणी तिरकी करून चटणी टाकू नका, वाफ आत जाते. माझ्याच घरात मुलांना हे सांगून मी थकले.

कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची पद्धत अलीकडं बघते, ती मात्र करू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बिनहवेत वाढणारा बोटुलिझमचा जंतू अशा ठिकाणी विष तयार करू शकतो. त्याला वासही येत नाही. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवत असाल तर गोष्ट वेगळी.

चटणी वापरायची कशी, हे कुणी सांगत नाही आणि निम्मी चव तिथंच जाते. मिरचीचा रंग आणि तिखट दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून चटणी उकळत्या आमटीत वरनं घातली तर ती नुसती तरंगते आणि रस्सा फिका तांबूस होतो. दोघांच्या मटकीच्या उसळीला दोन मोठे चमचे तेल तापवा. मोहरी, जिरं, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की आच एकदम कमी करा आणि दोन लहान चमचे चटणी घाला. मनात पाच आकडे मोजा आणि लगेच दोन पळ्या गरम पाणी. मोजायचं विसरलात तर करपते, आणि करपलेली चटणी कशानंच सुधारत नाही. पाणी पडल्यावर दोन-तीन मिनिटांत कडेनं लाल तेल सुटतं. मिसळीच्या कटाला, तांबड्या रश्श्याला जो रंग असतो तो हाच, त्यात दुसरं गुपित नाही. मग मोड आलेली मटकी आणि पाणी. मीठ नेहमीपेक्षा कमी घाला, चटणीत आधीच आहे. आणि कधी तोंड भाजलंच तर पाणी पिऊ नका, त्यानं तिखट जात नाही. दूध किंवा ताक घ्या.

बाकीचे मसाले याच्यापुढं सोपे आहेत.

धणे-जिरे पूड: चार भाग धणे, एक भाग जिरे, वेगवेगळे भाजून. एका वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅम, महिन्याची. लहान मुलांची भाजी, पालेभाजी, साधी आमटी, जिथं चटणीचा हात नको तिथं ही. विकतच्या धणेपुडीला जो भुशासारखा वास असतो तो घरच्या पुडीला नसतो. एकदा करून बघितली की पाकीट घ्यावंसं वाटत नाही.

गरम मसाला वेगळा हवाच का? मला विचाराल तर चटणीत खडा मसाला गेलेला असताना रोज नको. पण बिनतिखटाच्या गोष्टी असतात, मसालेभात किंवा पांढरा रस्सा. रविवारी मटण आणलं तर शेजारीण तुम्हाला पांढरा शिकवेलच. त्यासाठी वर लिहिलेला खडा मसालाच, त्यात हिरवे वेलदोडे वाढवून आणि दगडफूल कमी करून, चार-पाच चमच्यांएवढा दळून ठेवा. भाजून दळलेला असल्यामुळं तो शेवटी, गॅस बंद करायच्या आधी घालायचा. दालचिनी म्हणून बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची, कॅशिया जातीची. तिखटाच्या स्वयंपाकाला ती चालते, उगाच महागडी पातळ गुंडाळीची शोधत बसू नका.

कूट मात्र नक्की करा. नोकरी करणाऱ्यांना खरा हात देते ती हीच बरणी. एक वाटी भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, पाव वाटी तीळ, जाडसर. संध्याकाळी सातला घरी येऊन कांदा-खोबऱ्याचं वाटण कोण वाटणार? उसळीत, भरल्या वांग्यात, दोडक्यात दोन चमचे कूट आणि दोन चमचे चटणी, झालं वाटण. तेलकट माल आहे म्हणून आठवड्याचाच करा. फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो. शेंगदाणे भाजायच्या आधी निवडा. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा कुटात जाऊ देऊ नका. बुरशीचं वर सांगितलं ते इथंही लागू. वांग्याच्या भाजीला कधी शेंगदाण्याऐवजी कारळे भाजून घालून बघा. रंग काळपट येतो, पण भाकरीबरोबर काय लागतं!

खर्डा मी मसाल्यात धरत नाही. तुमच्याकडचा ठेचा तोच. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं, मीठ, थोडे दाणे, आणि वाटीच्या बुडानं तव्यातच रगडायचं. तो दोन दिवसांचा असतो, त्याला बरणी कशाला.

एवढ्या चार बरण्यांत तुमचा आठवडा निघेल. पाकिटं पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. महिनाअखेरीला अडचण झाली तर आणा, पण सुटी मिरचीपूड शक्यतो नको. घेतलीच तर काचेच्या ग्लासभर पाण्यावर चमचाभर टाकून बघा. पाण्यात लगेच रंगाच्या रेघा उतरायला लागल्या तर वरनं रंग घातलेला असतो, आणि तळाला बसलेला गाळ बोटांत किरकिरला तर विटेची पूड किंवा वाळू असते. चांगली पूड वर तरंगत राहते, नाहीतर सावकाश खाली उतरते.

पुढच्या फाल्गुनात तुम्ही इथंच असाल आणि माणसं वाढलेली असतील तर मिरची घेऊन या, दोन किलोच्या खाली नको, डंकात तेवढ्याला बूड सुद्धा लागत नाही. तोवर मिक्सरच बरा. आणि हो, चटणी दळून झाली की भांडं धुवायला टाकू नका. पात्याखाली आणि कडेला चमचाभर तरी लागलेली असते. शिळी भाकरी मोडून त्यात घाला, दोनदा फिरवा, वर कच्चा कांदा आणि तेलाची धार. आमच्याकडं शेवटचा डबा उतरला की उखळ अशीच भाकरीनं पुसून घेतो, आणि त्या भाकरीवरनं कामाच्या पोरांची रोज भांडणं होतात.